धूर तुटू द्यायचा नाही

बातमी आली तेव्हा मी एका बाईंच्या नाकावर नवा चष्मा बसवत होते. लंडनजवळच्या इल्फर्डच्या हाय स्ट्रीटवरच्या चष्म्याच्या दुकानात मी बरीच वर्षं नोकरी करते. दुकानातला फोन वाजला, मॅनेजरने मला हात करून बोलावलं. पलीकडे सुरेश होता, माझा नवरा. तो भूल देणारा डॉक्टर आहे, वाईट बातमी शांतपणे सांगायची त्याला सवय आहे. "आबा गेले," तो म्हणाला, "आत्ताच. वॉर्डातूनच बोलतोय." मी नुसतं 'बरं' म्हटलं. आणि मग डोक्यात पहिली गोष्ट आली ती ही, की घरी गॅस चालू आहे की बंद? आबा कितीतरी दिवस हॉस्पिटलात होते, मागे घरात कुणी नव्हतं, गॅस चालू असण्याचं काही कारणच नव्हतं. तरी मी त्या बाईंच्या चष्म्याच्या काड्या नीट केल्या, कोट चढवला आणि हॉस्पिटलात जायच्या आधी घरी जाऊन मागचा बर्नर बघून आले. हे वाचून कुणाला मी दगडाच्या काळजाची वाटेन. पण ज्यांनी आमच्या घरी एकदा तरी चहा घेतला आहे, त्यांना तसं वाटणार नाही.

त्याला आता दीड महिना होऊन गेला. लोकांचे फोन येतात. "सुटले हो," म्हणतात आणि जरा थांबून, "तुम्हीही मोकळ्या झालात." यातलं दुसरं वाक्य लोक मनापासून म्हणतात, मला राग येत नाही. म्हाताऱ्या माणसाचं करता करता माणूस दमतो, हे खरंच आहे. पण तेव्हा दमायला सवड नव्हती. आता सगळं संपल्यावर, त्यांचे स्वेटर धुऊन घड्या घालून झाल्यावर, तो सगळा थकवा एकदम अंगावर आला आहे. दुकानातून आले की कोटसुद्धा न काढता मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसते आणि बसूनच राहते.

आबा माझे सासरे. साताऱ्याकडच्या एका लहान गावातले. तरुणपणी पलटणीत लांगरी होते, म्हणजे शिपायांचा स्वयंपाक करणारे. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेला गेले, तिथे पकडले गेले, इटलीत कैदेत होते, एवढंच आम्हांला ठाऊक होतं. सासूबाई गेल्यावर, ऐंशी सालानंतर लवकरच, ते आमच्याकडे आले ते कायमचे. आल्याच्या पहिल्या आठवड्यातच त्यांची ती सवय माझ्या लक्षात आली. घरातलं कुणीही बाहेर असलं, की ते मागच्या बर्नरवर पाण्याचं एक पातेलं ठेवत. गॅस बारीक. पाणी कमी झालं की वरून भर घालत. शेवटचं माणूस घरात आलं, की गॅस बंद. आता आमच्याकडे सुरेश कधीही ड्यूटीवर, मी दुकानात, आमची मुलगी मीरा शाळेत. म्हणजे दिवसभर पातेलं चालूच. खिडक्यांवर वाफ, भिंतीवरचा वॉलपेपर कोपऱ्यातून सुटायला लागलेला. मी म्हणायची, "आबा, अहो, मी काय लढाईवर गेले होते का? टेस्कोत दूध आणायला तर गेले होते." ते म्हणायचे, "भाईर त्ये भाईर, पोरी." एवढंच. मीरा लहान होती, ती आपली दारातूनच ओरडायची, "आबा, आली मी! बंद करा आता!" आणि ते उठून बंद करायचे. तो त्या दोघांचा खेळच होऊन बसला. मला वाटायचं, गावाकडची काहीतरी रीत असेल.

त्यांच्या इथे राहण्याच्या कागदांसाठी एकदा आम्हांला क्रॉयडनच्या इमिग्रेशन ऑफिसात जावं लागलं. सुरेशने रजा घेतली, मीराची शाळा बुडवली, सगळे ट्रेनने निघालो. रांगेत आबांचा जीव थाऱ्यावर नव्हता. सारखे म्हणत, "घरात कुनीच न्हाई. चूल कोन बघनार?" सुरेश वैतागून म्हणाला, "आबा, घरात कुणी नाही म्हटल्यावर चूल कशाला बघायला हवी?" त्याने त्यांचं समाधान झालं नाही. खिडकीपलीकडच्या बाईने विचारलं, यापूर्वी युरोपात आला होता का? सुरेशने मराठीत करून सांगितलं. आबा म्हणाले, "व्हय म्हनावं. सरकारी खर्चानं." सुरेशने ते काही इंग्रजीत केलं नाही, पण परतीच्या ट्रेनमध्ये तो एकटाच खिडकीकडे बघून हसत होता.

मग एकदा पातेलं जळलं. आबांना खुर्चीत डुलकी लागली, पाणी आटलं, आणि मी घरात शिरले तर धुराने डोळे चुरचुरायला लागले. सुरेश फार चिडला. भूल देणाऱ्याला गॅस म्हटला की सगळे भयंकर प्रकार आधी दिसतात. त्याच शनिवारी त्याने दुकानात जाऊन इलेक्ट्रिक कुकर घेतला, गॅसवाला येऊन कनेक्शन बंद करून गेला. आबा त्या नव्या कुकरसमोर बराच वेळ उभे होते. प्लेट तापल्यावर त्यांनी वरून हात धरून बघितला. "ह्याला जाळच न्हाई," म्हणाले. बाकी तक्रार काही नाही. मला वाटलं, चला, सुटला एकदाचा प्रश्न. पुढच्या आठवड्यात सुरेश ड्यूटीवर आणि मी दुकानात असताना शेजारच्या मॉरीनचा फोन आला. "डिअर, तुझे सासरे बागेत काहीतरी जाळतायत. मी फायर ब्रिगेडला बोलावलेलं नाही, पण बोलावू का?" मी धावत घरी आले. बघते तर बागेत तीन विटा मांडलेल्या, वर पातेलं, खाली गुलाबाच्या छाटलेल्या काटक्या, आणि शेजारी आबा उकिडवे बसलेले. पाऊस भुरभुरत होता म्हणून त्यांनी चुलीवर माझी छत्री धरली होती. छत्री गेली ती गेलीच.

त्या संध्याकाळी सुरेश बापावर पहिल्यांदाच ओरडला. "कशासाठी, आबा? मला एकदा समजावून सांगा, कशासाठी?" आबांनी जे सांगितलं ते खाली मान घालून, टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या कापडाला बोटाने चुण्या पाडत पाडत. मीही ते त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकलं.

इटलीतला त्यांचा कॅम्प डोंगराच्या पायथ्याशी होता. शेकडो आपले शिपाई, सगळ्या प्रांतांतले. एक दिवस बातमी आली की इटलीने लढाई सोडली. पहाऱ्यावरचे इटालियन एकेक करून पळाले. आता खालच्या रस्त्याने जर्मन येणार आणि सगळ्यांना पुढे जर्मनीला नेणार, हे उघड होतं. तेव्हा संडासांच्या मागची तार कापली आणि टोळ्याटोळ्यांनी सगळे डोंगरात निघाले. आबांच्या पायावर महिन्यापूर्वी उकळती डाळ सांडली होती, जखम चिघळली होती, त्यांना धड उभंसुद्धा राहता येत नव्हतं. तसेच काही आजारी मागे राहिले. निघताना हवालदार आबांपाशी आला आणि म्हणाला, लंगरची चूल चालू ठेव. सगळ्यांचं जेवण शिजतंय असा धूर निघू दे. खालून बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, कॅम्प भरलेला आहे. आम्ही डोंगर पार होईपर्यंत धूर तुटू देऊ नकोस.

"लंगर म्हंजे काय, चार खांब आन् वर पत्रं," आबा म्हणाले. "मदला पत्रा उचकटून ठेवल्याला, त्यातनं धूर जायाचा. लाकडं संपली. मग खाटा जाळल्या. दारं जाळली. पाय सुजून ह्यो येवढा. ताप भरला. आन् कवातरी डोळा लागला बघ... उठलो तवा चूल गार."

जर्मन त्यानंतर आले. डोंगरातून काहींना धरून परत आणलं, त्यांच्या पायांत बूटसुद्धा राहिले नव्हते. आबांना त्यांच्याबरोबरच जर्मनीला नेलं. वाटेत त्यांच्यातल्या कुणालाही आबांनी विचारलं नाही, तुम्हांला कधी पकडलं, धूर होता तेव्हा की तुटल्यावर? "इच्यारायला तोंड नव्हतं," म्हणाले. बाकीचे शेकडो पार गेले की नाही, तेही कळलं नाही. लढाई संपली, पलटण मोडली, जो तो आपापल्या गावी गेला. एवढं सांगून आबा उठले आणि खोलीत गेले. सुरेश बसून राहिला. सोमवारी त्याने गॅसवाल्याला परत बोलावलं.

त्यानंतर ही गोष्ट सुरेशची झाली. आमच्याकडे माणसं जेवायला आली, की मी पोळ्या लाटतेय तोवर तो बाहेर रंगवून सांगायचा. इथल्याच घरांवरची धुराडी रोज बघणारा माणूस तो. त्याच्या तोंडी त्या उचकटलेल्या पत्र्याची चिमणी झाली. 'कॅम्पच्या चिमणीतून तो धूर...' असं तो हात वर करून सांगायचा. आबा कोपऱ्यात ऐकत असायचे, कधी मध्ये बोलले नाहीत. इथल्या मराठी मंडळींनी संक्रांतीच्या कार्यक्रमात आबांचा सत्कार ठेवला. विषय 'शत्रूच्या कैदेतून थरारक पलायन'. शाल दिली, नारळ दिला, माईक हातात दिला. आबा म्हणाले, "मी पळालोच न्हाई. पळाली ती मान्सं निराळी." मग त्यांनी शेकडो माणसांची डाळ एका वेळी कशी लावायची, ते सांगितलं. टाळ्या पडल्या, तिळगूळ वाटला गेला, आणि सुरेश सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसला. त्याला बापाचं कौतुक व्हायला हवं होतं. बापाला काय हवं होतं ते आम्हां दोघांनाही कळत होतं आणि ते आणून देणं आमच्या हातात नव्हतं. त्यांना फक्त एक माणूस हवा होता, त्या डोंगराच्या पलीकडे पोचलेला.

मग युद्ध संपल्याला पन्नास वर्षं झाली. टीव्हीवर रोज पदकं लावलेले म्हातारे, बँड, झेंडे. आबा अगदी टीव्हीला नाक लावून बसत. एकदा म्हणाले, "सुऱ्या, ह्यात आपली मान्सं दिसत्यात का रं?" दोन-तीन आठवड्यांनी सुरेश उड्या मारतच घरी आला. एका ऑपरेशनच्या वेळी त्याला करतारसिंग नावाचे एक पेशंट भेटले होते, इल्फर्डमध्येच राहणारे, जुने शिपाई, इटलीत कैदेत होते. "आबांच्याच कॅम्पातले!" सुरेश म्हणाला. "डोंगर ओलांडून गेलेले!" मी विश्वास ठेवला. सुरेशने त्यांना रविवारी जेवायला बोलावलं, आणि आबा सकाळपासून टाय लावून बसले.

करतारसिंगजी उंच, वाकलेले, हातात काठी. दोघं म्हातारे पलटणीतल्या हिंदुस्तानीत बोलत होते. जवाचा काळा पाव, उवा, बर्फ, असं बरंच काही निघालं. दोघंही हसत होते. मी आबांना इतकं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. जेवताना आबांनी हातातला घास ताटात ठेवला आणि विचारलं, "पहाड पार हुए थे, सरदारजी?"

"पार हो गए, भाईसाब," करतारसिंगजी म्हणाले. "सब पार हो गए. ऊपर से मुड़कर देखा तो चिमनी से धुआँ निकल रहा था. आखिरी चढ़ाई तक दिखता रहा."

आबा त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सुरेशकडे बघितलं. सुरेश ताटात बघत होता. आबांनी हात पुढे करून पाहुण्यांचा हात धरला, म्हणाले, "मेहरबानी," आणि मला म्हणाले, "पोरी, पाव्हण्यांना आजून येक पोळी वाढ." सुरेशचे डोळे भरून आले होते. माझेही आले. म्हटलं, संपलं एकदाचं... इतक्या वर्षांचं ओझं उतरलं यांच्या डोक्यावरून.

सुरेश पाहुण्यांना गाडीने पोचवायला गेला. मी भांडी घासायला घेतली, तर आबा आत आले, त्यांनी पातेल्यात पाणी घेतलं आणि मागचा बर्नर पेटवला. मी म्हटलं, "आबा, आता कशाला? पोचले ना सगळे?"

"सुऱ्या भाईर गेलाय न्हवं."

आणि मग, पातेल्यावर झाकण ठेवता ठेवता, "आमच्या लंगरला चिमनी कुटली, पोरी? पत्रा व्हता उचकटल्याला. चिमनी सुऱ्याची हाय."

माझ्या हातातला स्पंज तसाच राहिला. मी म्हटलं, "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? त्यो मानूस काठी टेकत माज्यासाटी आला. ह्या वयात खोटं बोलला, त्ये काय सोताच्या फायद्यासाटी? आन् पोरानं किती धावाधाव केली. त्येला सांगू नगंस."

"पण तुमच्या जिवाला लागलेलं ते?"

"त्ये ऱ्हानार तसंच," आबा म्हणाले आणि खुर्चीवर बसले. आवाजात दुःख होतं असंही नाही. दमलेल्या माणसाचा आवाज होता. सुरेशची गाडी दारात येईपर्यंत ते टाय न सोडता बर्नरकडे बघत बसले होते.

मी सुरेशला सांगितलं नाही. आबांनी नको म्हटलं होतं, आणि सुरेश त्या दिवसापासून फार आनंदात होता. आबा पुढे दोन वर्षांहून जास्त जगले. पातेलं शेवटपर्यंत चालूच होतं. सुरेशला त्याचं नवल वाटायचं. मला म्हणायचा, "आता तर सगळं कळलं ना त्यांना? सवय, दुसरं काय." मी हो म्हणायची. हॉस्पिटलातल्या शेवटच्या दिवसांत आबांना फारसं बोलता येत नव्हतं. मी रोज संध्याकाळी निघताना त्यांच्या कानाशी सांगायची, "आबा, सुरेश घरी आला, मी निघाले, मीरा तिच्या हॉस्टेलवर आहे." ते डोळे मिटून ऐकायचे. सगळ्यांचा हिशेब लागला की हाताची बोटं सैल पडायची. हे करताना मला कंटाळा यायचा का? यायचा. बाहेर बस चुकत असायची. आज ती बस चुकवायला मी काहीही देईन.

अस्थी नदीत सोडून आलो त्या दिवशी सुरेश म्हणाला, "निदान तेवढं एक काम माझ्या हातून झालं. करतारसिंगजींना आणलं ते." तेव्हापासून हे मला पेलवेना. एक गोष्ट आबांनी एकट्याने उरात धरून ठेवली, दुसरी सुरेशने, आणि दोन्ही माझ्याकडे. कुणाशी तरी बोलावं म्हणून हे लिहायला बसले. छापायला द्यायच्या आधी सुरेशला वाचायला दिलं. न विचारता छापलं असतं तर ते बरं दिसलं नसतं. आबांनी नको म्हटलं होतं, हे खरं आहे. पण आबांनी ते सांगितलं तेव्हा सुरेश बाहेर असताना पातेलं ठेवायला ते स्वतः होते, आता कुणी नाही.

इथून पुढचं मी, सुरेशने हे वाचल्यानंतर, लिहिलं आहे. शुक्रवारची संध्याकाळ होती. त्याने स्वयंपाकघरात टेबलापाशी बसून एकेक कागद वाचला. चिमणीपाशी आला तेव्हा थांबला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. सगळं वाचून झाल्यावर त्याने कागद नीट जुळवून ठेवले. मला वाटलं, चिडेल. आपण पढवून आणलेल्या माणसासमोर बापाने आपली लाज राखली, हे पोराला सोपं नाही.

"मी परत आलो तेव्हा पातेलं चालू होतं," तो म्हणाला. "त्या रविवारी. मला आठवतंय."

"तुझ्यासाठी होतं."

त्याने मान हलवली. मग विचारलं, "मीराची ट्रेन किती वाजता आहे?"

मीरा वीकेंडला तिच्या कॉलेजातून, लीड्सहून, घरी येणार होती. ट्रेन मघाशीच सुटली असेल, मी म्हटलं. सुरेश उठला. खालच्या कपाटात वाकून त्याने ते पातेलं शोधलं, नळाखाली धरलं आणि मागच्या बर्नरवर ठेवलं. गॅस पहिल्या खेपेला पेटला नाही. "किती ठेवू?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "बारीक." मी माझे कागद उचलून बाजूला ठेवले. तो बसला नाही, तिथेच उभा राहिला. मध्ये एकदा पेलाभर पाणी वरून घातलं. खिडकीवर हळूहळू वाफ धरली.

दारात किल्ली फिरली. बाहेरून तिला खिडकी दिसली असणार, कारण बूटसुद्धा न काढता ती पॅसेजमधूनच ओरडली, "आली मी! बंद करा आ..." आणि अर्ध्यावरच गप्प झाली.

सुरेशने हात पुढे केला आणि गॅस बंद केला.